पांढरं परत देण्याची रीत

म्हैसूर,
बुधवार, दुपारच्या चहाआधी

तीर्थस्वरूप भवानीअक्काच्या पायांशी धाकट्या मल्हारचा दंडवत. त्यातच अनुसूयेचा आणि चैत्राचाही धरून घे (दोघी आत्ता घरात नाहीत, पण असत्या तर वाकल्या असत्या).

अक्षर ओळखलं असशीलच. एकोणीस वर्षांत ते बिघडलंय, पण मुळात चांगलं कधी नव्हतंच. पाकीट बघून तू ते तसंच बंबात घालायला निघशील, म्हणून आधीच सांगतो की आत कुणाच्या मरणाची बातमी नाही आणि सही करायचा कागद नाही. चैत्राचं लग्न ठरलंय. म्हणजे रविवारी ठरलं, आणि आज बुधवारी ते ठरलेलंच आहे की नाही हे मला सांगता येत नाही. निम्म्यापर्यंत तरी वाच. पुढं फाडलंस तरी माझं काही म्हणणं नाही, कारण पुढं सगळं रसायनशास्त्रच आहे.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना उजवा पाय आधी टाकावा लागतो असं कळलं. (तुझी सून ईश्वरी आणि आमची अनुसूया फोनवर बोलतात. तुला ठाऊक नसेल तर हे वाक्य तू वाचलंच नाहीस असं समज, पोरीला रागावू नको.) हुणसूरला तंबाखू भट्टीत घातली की तुला शिंका येतात, हेही कळलं. इकडं माझी प्रकृती उत्तम. साखर थोडी वर आहे, ऐकायला थोडं खाली आहे, सरासरी बरी आहे. दुपारी जेवण झालं की मी मागच्या पायरीवर बसतो आणि सोनचाफ्याकडं बघता बघता तास दोन तास कुठं जातात ते कळत नाही. अनुसूया म्हणते, तुम्ही जागेपणीच घोरता.

आता मुद्दा. मुलगा सुयश, चैत्राच्याच ऑफिसातला. हिनकलला फ्लॅट आहे. वडील उदयराव, आई विभावरीबाई, मूळचे पुण्याकडचे, इकडं येऊन पंधरा वर्षं झाली. माणसं सरळ, मराठी अगदी स्वच्छ. आपलं वाक्य मराठीत निघतं आणि वाटेत कन्नडात उतरतं. त्यांचं जिथं चढतं तिथंच उतरतं. विभावरीबाई बोलक्या, हसऱ्या. उदयराव मात्र तपासनीस. म्हणजे कारखान्यात मालाची तपासणी हीच त्यांची जन्मभराची नोकरी, आणि ती घरीही चालू. पहिल्या भेटीत त्यांनी चहा प्यायच्या आधी कपाच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं, आमचं दार दोनदा उघडून लावून बघितलं आणि बिजागरीला तेल हवं असं सांगितलं. चैत्रा माझ्याकडं बघत होती. ती पोरगी काही मागत नाही गं, तुला ठाऊक नाही ती, तू बघितलीस तेव्हा ती आठ वर्षांची होती. ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली की अप्पा, या वेळी जरा नीट. आता मी अडुसष्ट वर्षांत कधी काय नीट केलं नाही ते तिनं सांगितलं नाही, पण तोंडावर यादी दिसत होती.

आणि मग मीच आपल्या घरची रीत काढली. तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. मुलाकडचं एक जुनं पांढरं वस्त्र मागून घ्यायचं, मुलीच्या घरच्या थोरल्या पुरुषानं ते स्वतःच्या हातानं धुवायचं, खळ द्यायची, इस्त्री करायची आणि पांढरं ते पांढरंच परत द्यायचं. रंगाऱ्याचे हात जन्मभर रंगलेले. त्या हातांतून पांढरं डाग न पडता परत गेलं, की मुलगी द्यायला आणि घ्यायला हरकत नाही. तुझ्या वेळी आबांनी तुझ्या सासऱ्यांचं धोतर घेतलं होतं, तेव्हा तीन दिवस त्यांनी निळीच्या रांजणात हात घातला नव्हता आणि नखं लिंबानं घासली होती. तू खांबाआडून बघत होतीस. मी झाडावर होतो.

ही रीत मी उदयरावांना सांगितली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः एक उपरणं घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर दोरा. त्यांच्या वडिलांचं होतं. वडील जाऊन बावीस वर्षं झाली, वर्षातून एकदा श्राद्धाला ते काढतात. दोरा सोडताना त्यांनी काही तपासलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

आता थोडं रसायनशास्त्र, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चौतीस वर्षं मी कॉलेजच्या रसायनशाळेत अटेंडर होतो. नळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, प्रात्यक्षिकाच्या दिवशी सुब्बराव सरांच्या बाजूला उभं राहायचं. दर वर्षी एक प्रयोग असा यायचा की त्या दिवशी मी दाढी करून जायचो. एका नळीत पोटॅशियम आयोडाइड विरघळवलेलं पाणी. दिसायला नुसतं पाणीच. त्यात क्लोरीनचं पाणी थेंब थेंब सोडायचं. क्लोरीनला एक इलेक्ट्रॉन हवा असतो आणि आयोडाइडजवळ एक जास्तीचा असतो. क्लोरीन दांडगा. तो हिसकावून घेतो, क्लोराइड होतो आणि काही झालंच नाही असा निमूट बसतो. लुटलं गेलेलं आयोडीन मात्र उघड्यावर येतं, तपकिरी होऊन. आणि तिथं तांदळाच्या खळीचा एक थेंब असला की ते खळीच्या आत शिरतं आणि निळं होतं. निळं म्हणजे कसलं निळं अक्का! सुब्बराव सर कन्नडात समजावत असायचे, मुलं वहीत समीकरण उतरवत असायची, आणि मी ती नळी खिडकीच्या उजेडात धरून उभा असायचो. सर म्हणायचे, मल्हारराव, साकु, पुरे, खाली ठेवा. मला ऐकू यायचं नाही. त्या निळ्यात मला आपलं परस दिसायचं, दोरीवर ओली लुगडी, आबांचे कोपरापर्यंत निळे हात. मग संध्याकाळी सगळं मोरीत ओतून नळ्या धुवायच्या. आपल्या घराण्यात जन्मभर रंग केले आणि एकही टिकू दिला नाही असा मी एकटाच.

तर शनिवारी दुपारी मी उपरणं धुतलं. अनुसूयेला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, तांदळाची खळ केली (इथं सगळे गंजी म्हणतात), आबा घालायचे तशी त्यात मिठाची चिमूट घातली, म्हणजे इस्त्रीला कापड चिकटत नाही. आबांची चिमूट म्हणजे मूठ, हे तुला ठाऊकच आहे. उपरणं बुडवलं, पिळलं, सावलीत वाळत घातलं. संध्याकाळी ते दोरीवर पापडासारखं ताठ उभं होतं, आणि पांढरं असं की मी स्वतःच्या हातांकडं दोनदा बघितलं. इथपर्यंत सगळं नीट.

पण पाहुणे येणार म्हणून अनुसूयेनं त्याच संध्याकाळी नवीन नावाच्या प्लंबरला बोलावून गच्चीवरची नव्हे, परसातली पाण्याची टाकी साफ करून घेतली. (टाकी तू गेल्यावर बसवली. आबांचा रांजण होता तिथंच. त्यांच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी रांजण गटारात ओतला, वास येत होता म्हणून, आणि तू गटारातलं निळं पाणी बघून पिशवी उचललीस ती थेट हुणसूरच्या बसमध्ये बसलीस. त्याबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही.) नवीन तसा प्रामाणिक मुलगा. ब्लीचिंग पावडर किती घालू, त्यानं विचारलं. अनुसूया म्हणाली, स्वल्प जास्तच घाल, पुण्याची माणसं आहेत. त्यानं डावानं घातली. रविवारी सकाळी नळ सोडला तर परसात तरण तलावाचा वास.

साडेनऊला मी इस्त्रीला बसलो. खळीच्या कपड्यावर आधी पाणी शिंपडायचं, मग गुंडाळी करून मुरू द्यायचं, मग इस्त्री, हे काही मला कुणी शिकवायला नको. नळाचं पाणी वाटीत घेतलं, बोटं बुडवली आणि शिंपडलं.

आणि जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं एक निळा ठिपका उमलला. आधी एक, मग चार, मग इतके की मोजता येईनात, आणि प्रत्येकाच्या कडेनं फिकी प्रभा. मी काय करायला हवं होतं? थांबायला हवं होतं. क्लोरीन कुठून आलं ते मला त्या क्षणी कळलं होतं, खळ समोर होती, आयोडाइडशिवाय हा रंग होत नाही हे चौतीस वर्षं मीच दाखवत आलो होतो. पण अक्का, सकाळचं ऊन तिरकं येत होतं, कुठूनसा चाफ्याचा वास येत होता, आणि माझा हात आपोआप वाटीत जात होता आणि शिंपडत होता. मी आणखी शिंपडलं. संपूर्ण वाटी शिंपडली. मग सवयीनं गुंडाळी केली. दहा मिनिटांनी उलगडली तर घडीच्या दोन्ही बाजूंना सारखी नक्षी उमटलेली, एखाद्या छापणाऱ्यानं ठसे धरून मारावी तशी. खळीत आयोडाइड आलं कुठून म्हणशील, तर त्याची चौकशी चालू आहे आणि अनुसूयेच्या मिठाच्या बरणीवर माझा संशय आहे.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. मी इस्त्री पुरती तापवली आणि दाबली. आणि काय सांगू, इस्त्री फिरली की मागं सगळं पांढरं! खळीतलं हे निळं तापलं की जातं, हे मला ठाऊक होतं, पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही. मला वाटलं देव पावला. घडी घातली, चांदीच्या ताटात ठेवली, वर हळद-कुंकू, नारळ, आणि मी ताठ मानेनं बाहेर गेलो.

निवलं की निळं परत येतं, हेही मला ठाऊक होतं.

ताट मी उदयरावांच्या समोर ठेवलं. त्यांनी उपरण्याकडं बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. घडीच्या वरच्या पदरावर एक ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. अनुसूयेच्या हातातली पोह्यांची बशी हवेतच राहिली. मधोमध सुरू झालेलं निळं कडेकडेला गेलं, आणि सगळ्यांच्या देखत, कुणी हात न लावता, ते पांढरं उपरणं सावकाश निळ्या नक्षीनं भरलं. मला वाटलं, संपलं. चैत्रानं डोळे मिटून घेतले होते.

विभावरीबाईंनी ते उचललं, उजेडात धरलं. त्यांचा आवाज एकदम हळू झाला. म्हणाल्या, "हा तुमच्या घरचा निळा का हो?"

आणि मी म्हणालो, "हो. आमच्या आबांचा."

शप्पथ सांगतो, म्हणताना मला ते खरंच वाटलं. मग तर मी सुटलोच. आबांचा रांजण, त्याला रोज गूळ-चुन्याचा नैवेद्य, हिरवट बाहेर आलेलं कापड वाऱ्यावर निळं होणं, सगळं सांगितलं. आणि तो रंग असा आहे की तो आपल्या मनानं येतो, हेही घातलं. विभावरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात सुनेला याच निळ्यातली साडी आणि घरच्या वडीलधाऱ्यांना याच निळ्यातली उपरणी, एवढं एकच मागणं त्यांनी मागितलं. उदयरावांनी उपरण्याच्या कडेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि घडी घालून ते छातीशी धरलं. लग्न ठरलं. तारीखही निघाली, पुढच्या महिन्याची.

गाडी वळल्यावर चैत्रा मागच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "अप्पा, हे तुम्ही मला पाचव्या वाढदिवसाला ग्लासात करून दाखवलं होतं." मग म्हणाली की त्या घरात मी या खोट्यावर पाय ठेवून जाणार नाही, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडलो असतो.

आणि आज सकाळी सुयशचा फोन. उपरण्याचा एक कोपरा फिका पडतोय, आई म्हणते उन्हात ठेवायला नको होतं का? आता त्याला काय सांगू? ते आयोडीन आहे, खळीतून निघून हवेत जाणार, आठवड्यात नक्षीचं नावसुद्धा राहणार नाही. उद्या हिनकलला जायचं ठरवलंय. कसं सांगायचं ते ठरलेलं नाही. तुला हे सगळं का लिहितोय तेही मला नीटसं ठाऊक नाही. घरात वडील माणूस आता तूच, एवढं कारण पुरे आहे. बाकी इकडं क्षेम आहे. सगळी चूक त्या नवीनची आणि ब्लीचिंग पावडरची.

तुझा,
मल्हार

ता. क. १ (बुधवार, चहानंतर): अनुसूयेच्या बरणीची चौकशी पूर्ण झाली. ती निर्दोष आहे. निवृत्त झालो तेव्हा सुब्बराव सर म्हणाले होते, आठवण म्हणून रसायनशाळेतलं काय हवं ते न्या. दुसऱ्यांनी घड्याळं नेली. मी पोटॅशियम आयोडाइडची अर्धी बाटली आणली आणि रिकाम्या बरणीत भरून मिठाशेजारच्या फळीवर ठेवली. आयोडाइड दिसायला मिठासारखंच. चिठ्ठी लावली होती, ती पडली. नवीनचं वरचं नाव खोडलंय असं समज.

ता. क. २ (गुरुवार): हिनकलला जाऊन आलो. पिशवीत दोन नळ्या आणि बरणी घेऊन गेलो होतो, कारण तोंडानं सांगायला जमणार नाही हे मला माहीत होतं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर प्रयोग करून दाखवला. पांढरं पाणी, पांढरं पाणी, आणि निळं. मग म्हणालो, तो आबांचा रंग नव्हता, हा होता, मी खोटं बोललो, पोरीचा यात काही दोष नाही. विभावरीबाई खुर्चीत बसून राहिल्या. उदयराव आत गेले आणि उपरणं घेऊन आले. जवळजवळ सगळं पांढरं झालं होतं, एका कडेला थोडी छटा. त्यांनी ते उलटं-सुलटं करून नीट तपासलं, बराच वेळ. मग म्हणाले, "पांढरं दिलं होतं, पांढरं परत आलं. डाग नाही. रीत पूर्ण झाली." मला रडू आलं गं. लोकांच्या घरात, नळ्या हातात धरून. चैत्राचं लग्न मोडलं नाही. पण निघताना विभावरीबाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी विचारलं, की मग तुमच्या आबांचा खरा निळा आता कुणाला येतो? मी म्हणालो, माझ्या अक्काला.

ता. क. ३ (शुक्रवार): पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. रांजणाला वास येत नव्हता. म्हणजे येत होता, पण तो जन्मापासून येत होता. शेवटच्या आठवड्यात मी आबांना विचारलं, याला गूळ किती, चुना किती, मला सांगा, मी करीन. ते म्हणाले, भवानीला विचार. मी त्यांच्या उशाशी, आणि ते म्हणतात भवानीला विचार. तू खांबाआडून बघून शिकलीस आणि मी झाडावर होतो, हे खरंच होतं, तरी मला ते सोसलं नाही. म्हणून ओतला. चुकलं माझं. हे सांगायला तीनदा हुणसूरच्या बसमध्ये बसलो आणि तिन्ही वेळा वाटेतच येलवालला उतरून परत आलो. तिथला चहावाला आता मला ओळखतो.

काल टाकी हलवली. तिच्यामागं रांजण पालथा घातलेला तसाच आहे, तडा नाही. शेजारच्यांच्या विहिरीचं पाणी आणून मी स्वतः घासला, नवीनला हात लावू दिला नाही. आतून अजून निळा आहे. ईश्वरीनं अनुसूयेला सांगितलंय (हेही वाक्य तू वाचलं नाहीस), की तू त्या दिवशी गटारातून विरजणापुरता एक तांब्या भरून पिशवीत नेलास आणि हुणसूरला परसात एका मडक्याला एकोणीस वर्षं रोज गूळ घालतेस. पुढच्या सोमवारी दहाच्या बसनं निघ. येलवालला मी चढीन. गुडघ्यावर भार घेऊ नको, मडकं मी मांडीवर धरीन.